कुडव्याचं रंगउतार मंडळ

रंग लावणाऱ्यांकडे दाखवायला काहीतरी असतं. चित्र असतं, भिंत असते, गेलाबाजार शर्टावर डाग तरी असतो. रंग काढणाऱ्यांकडे काय असतं? नुसते किस्से! आणि ते इतके साचलेत, की परवा घरी एक सांगायला घेतला तर बायको म्हणाली, "हा झाला सांगून. पुढचा सांगा, नाहीतर भेंडी चिरा." म्हणून आज तुम्हाला धरलंय.

आधी ओळख. आम्ही चौघं. रहांगडाले भाऊ रेल्वेतले रिटायर्ड पेंटर, डब्यांना रंग देण्यात आयुष्य गेलं. पटले मॅडम ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. कुमरे भाऊ फॉरेस्ट गार्ड. आणि मी टू-व्हीलर मेकॅनिक. मला चांगलं नाव आहे, पण हे तिघंही 'मिस्त्री'च म्हणतात. दर रविवारी सकाळी कुडव्याला रहांगडाले भाऊंच्या मागच्या अंगणात आमची बैठक भरते.

काम काय, तर प्लास्टिकची मॉडेल किट. सुटे भाग चिकटवून विमान, मोटार, इंजिन बनवायचं, ते किट. अशी जुनी मॉडेलं लोकांकडे माळ्यावर पडलेली असतात, आणि कोणीतरी हौसेनं त्यांना खिडकीचा उरलेला ऑइल पेंट फासलेला असतो. तो रंग आम्ही काढतो. मोटारींच्या बंपरवरचं उडालेलं क्रोमही काढतो. प्लास्टिकला ओरखडा येऊ देत नाही. पुढचा रंग ज्याचा त्यानं द्यावा. गोंदिया जिल्ह्यात हे काम करणारे आम्हीच! मी तर म्हणतो अख्ख्या विदर्भात आम्हीच, पण मॅडम पुरावा मागतात.

*

आमची सुरुवात अशी झाली, की तिचा विषय निघाला की रहांगडाले भाऊ अजून चहा ठेवायला उठतात.

मॅडमनी त्यांचं लहानपणीचं एक विमान आणलं होतं. वर हिरवा रंग, त्याचे पापुद्रे सुटलेले. भाऊ म्हणाले, "यात का हाये? सारी जिंदगी थिनर वापरलं." स्टीलच्या डब्यात थिनर ओतलं, विमान सोडलं, झाकण लावलं. मग रेल्वेच्या डब्याला रंगाचे थर कसे देतात, ते आम्हाला समजावत बसले.

थोड्या वेळानं झाकण उघडलं. भाऊ वाकले, आणि वाकलेलेच राहिले.

मॅडमनी विचारलं, "निघाला का हो रंग?"

"रंग तर हाये मॅडम," भाऊ म्हणाले. "विमानच निघून गेलं!"

लोखंडाला थिनर काही करत नाही. या प्लास्टिकचा मात्र ते पाक करून टाकतं. मॅडम हसल्या. खरंच हसल्या, रागावल्या नाहीत. पण भाऊंच्या मनाला लागलं. त्या दिवसापासून ते भाग घासायचे, धुवायचे, पुसायचे, पण स्वतःच्या हातानं एकही भाग डब्यात सोडायचे नाहीत. "तुमीच टाका गा. माया हाताचा भरवसा नाही," म्हणायचे. ज्याच्या हातानं रेल्वेचे डबे चमकले, त्या माणसानं असं म्हणावं, हे मला अजिबात सहन व्हायचं नाही. मंडळाचं नाव मोठं झालं, पण तो हात काही परत डब्यात जाईना. आम्हा तिघांना तेवढंच पाहायचं होतं.

*

क्रोमचा शोध आमचा नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

कुमरे भाऊंना कबाडीवाल्याकडे एक मोटार मिळाली होती. बंपर, चाकं, जाळी, सगळं क्रोमचं आणि सगळं कोड फुटल्यासारखं. आम्ही सँडपेपर घेऊन बसलो. दोन रविवार घासलं. क्रोम तसंच राहिलं, बंपर मात्र झिजून वाळल्या चवळीच्या शेंगेसारखा झाला.

दुसऱ्या रविवारी कुमरे वहिनी त्यांना जेवायला बोलवायला आल्या. थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. मग उरलेली चाकं उचलली, रहांगडाले भाऊंच्या मोरीतून कपड्यांचं ब्लीच आणलं आणि वाटीत ओतून चाकं बुडवली. आमचा चहा संपायच्या आत क्रोम गायब! खाली प्लास्टिक कोरं करकरीत. आम्ही चौघांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

वहिनी म्हणाल्या, "वीस वर्सं झाली, मी चादरीचे डाग काढून राहिली. एका दिवशी तरी टाळ्या वाजवल्या का जी कोनी?"

कुमरे भाऊंनी त्या दिवशी घरी जाऊन टाळ्या वाजवल्या म्हणे. त्याचं काय झालं, ते त्यांनी सांगितलं नाही.

पण माणसाला यश पचत नाही. पुढच्या रविवारी कुमरे भाऊ ब्लीचसोबत संडास धुवायचं ॲसिड घेऊन हजर! म्हणाले, "दोन्ही एकत्र केलं तर डबल काम होईल." मॅडमनी बाटली हातातून काढून घेतली. यातून निघणारा गॅस माणसाचं काय करतो, ते त्यांनी वर्गात सांगतात तसं सांगितलं आणि भिंतीवर खडूनं नियम लिहिला: 'ब्लीच आणि ॲसिड एकत्र दिसल्यास आधी बाटली बाहेर जाईल, मग माणूस. माणूस स्वतःच्या पायानं जाईल याची खात्री नाही.'

तो नियम अजून भिंतीवर आहे. पावसानं पुसला की कुमरे भाऊ स्वतः पुन्हा लिहितात.

*

क्रोम गेलं तरी खाली एक पिवळं वार्निश उरतं. ते काढायला लागतं ब्रेक ऑइल. इथे मात्र कॉलर ताठ करतो, कारण हा शोध माझा! गॅरेजमध्ये एकदा ब्रेक ऑइलचा थेंब गाडीच्या टाकीवर पडला आणि रंगाचा फोड आला. माझं गिऱ्हाईक रडायच्या बेतात, आणि मी आनंदानं मॅडमना फोन लावतोय!

तेव्हापासून मी ब्रेक ऑइल डब्यानं आणतो. गोंदियाचा होलसेलवाला परवा मला म्हणाला, "भैया, कुडवा में लोग गाड़ी चलाते भी हैं, या सिर्फ ब्रेक ही मारते हैं?"

*

एक औषध असंही आहे, जखमेवर लावायचं, पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं. तेही रंग छान सोडवतं. फक्त एक पथ्य आहे. बाहेर काढलं की आधी त्याच औषधात धुवायचं, पाणी लावायचं नाही. कुमरे भाऊंनी सरळ नळाखाली धरलं. सुटलेल्या रंगाचा झाला डिंक! विमान, टूथब्रश आणि हातमोजा, तिन्ही एकमेकांना असे चिकटले की कोण कुठे संपतं ते कळेना. भाऊ आमच्याकडे हात धरून म्हणाले, "नवीन मॉडेल तयार झालं. यात मी पन हावो."

त्या औषधाचा वास गल्लीभर. तीन दिवसांनी समोरचे गुप्ताजी सफरचंदांची पिशवी घेऊन दारात. चेहरा गंभीर. "भाईसाहब, घर में कौन बीमार है? पूरी गली में अस्पताल जैसी बास आ रही है।"

रहांगडाले भाऊंनी त्यांना मागे नेऊन डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत बॉम्बर विमान, पंख वेगळे, शेपूट वेगळी.

गुप्ताजींनी वाकून पंख पाहिले, शेपूट पाहिली. मग पिशवी तिथेच ठेवून हळू आवाजात म्हणाले, "अच्छा। तो छुट्टी कब मिलेगी?"

*

नागपूरच्या एका बड्या हौशी संग्राहकानं आमचं नाव ऐकून एक ट्रक पाठवला. मॉडेल हो, खरा नाही! तीन माणसांचे तीन रंग एकावर एक. आम्ही तो कोरा करून परत केला. दाराच्या फटीतल्या रेघासुद्धा शाबूत. साहेबांचा व्हिडिओ कॉल आला.

"जबरदस्त! तुमची लॅब दाखवा ना."

कुमरे भाऊंनी मोबाइल फिरवला. पेरूचं झाड, दोरीवरचे टॉवेल, लोणच्याच्या चार रिकाम्या बरण्या.

"नाही, लॅब," साहेब म्हणाले. "इतक्या बारीक फटीतला रंग तुम्ही काढता कशानं? अल्ट्रासॉनिक मशीन असेल ना?"

"हाये ना," म्हणत भाऊंनी जुना टूथब्रश कॅमेऱ्यासमोर धरला. "पन घाई नाही करत आमी. हे मुख्य मशीन होय."

साहेबांनी फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात त्यांचे आणखी चार ट्रक आले.

*

आता बिसेन काकांचं सांगतो.

बिसेन काका बिरसीकडचे. रिटायर्ड इंजिन ड्रायव्हर. तरुणपणी कोळशाची इंजिनं चालवलेली. गेल्या दोन-तीन वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर पार गेली. एका रविवारी सुनेच्या स्कूटीवर मागे बसून आले. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात वाफेचं इंजिन.

हे किट त्यांना रेल्वेच्या इंजिन शेडमधल्या एका साहेबानं बदलीच्या वेळी दिलेलं. काकांनी स्वतः जोडलं. दसऱ्याला शेडमध्ये इंजिनाची पूजा व्हायची, त्याआधी इंजिन काळं चकचकीत करायचे. रिटायर झाल्यावर काकांनी तो नेम घरच्या इंजिनावर चालू ठेवला. दर दसऱ्याला काळ्या ऑइल पेंटचा एक हात, हार, नारळ! किती दसरे झाले, त्यांनाही सांगता येईना.

"डोरे होते तवा चांगलं दिसे," काका म्हणाले. "आता हात फिरवतो, तं इंजिन होय का साबनाची वडी होय, समजत नाही. मले खिळे पाह्यजे."

खिळे म्हणजे रिव्हेट. खऱ्या इंजिनाच्या पत्र्यावर असतात तसे, मॉडेलवर मोहरीएवढे उठाव. सगळे दसऱ्याखाली गाडले गेलेले.

मॅडम म्हणाल्या, "काका, दिवा आणि घंटा क्रोमची आहेत. ते क्रोमही जाईल."

"चमक मले आता कोनत्या कामाची, बाई? काढून टाका."

मग काकांनी मान वळवून विचारलं, "तुमच्यात रेल्वेचा कोन हाये?"

आम्ही रहांगडाले भाऊंकडे पाहिलं. भाऊ जमिनीकडे पाहत होते. "मी हावो, काका. पेंटर होतो."

"मंग तूच कर. रेल्वेचा रंग दुसऱ्याच्या हातानं कायले?"

असं दुसरं इंजिन मिळणार नव्हतं, हे भाऊंना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. ते उठले, चहा ठेवायला गेले, आणि चहा न ठेवताच परत आले. मॅडमनी नाली मोकळी करायच्या कॉस्टिकचं पातळ पाणी करून थंड केलं. भाऊंनी रबरी मोजे चढवले, चष्मा लावला. आधी इंजिनाच्या पोटाखाली एकच थेंब लावून अर्धा तास नुसते बघत बसले. मग दोन्ही हातांनी इंजिन उचललं आणि स्वतः डब्यात सोडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते कॉस्टिकमुळे नव्हतं!

चार रविवार लागले. एकेक दसरा साय निघावी तसा निघत गेला. भाऊ रोज डब्यातलं पाणी बदलायचे, ब्रश इतका हळू फिरवायचे की कुमरे भाऊ म्हणाले, "एवढं तं कोनी लेकराले आंघोळ घालत नाही गा."

पाचव्या रविवारी काका आले. इंजिन त्यांच्या मांडीवर ठेवलं. कोरं, राखाडी, एक थेंब रंग नाही. बोट चिमणीवरून सुरू झालं, बॉयलरवरून, पाइपावरून, ड्रायव्हरच्या खिडकीवर जरा रेंगाळलं आणि मागच्या कोळशाच्या डब्यावर आलं. तिथे रिव्हेटची ओळ. काकांचे ओठ हलत होते. ते मोजत होते. डब्याच्या डाव्या अंगाला बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा मोजत आलं.

"एक कमी हाये," काका म्हणाले.

मॅडमनी भिंग काढलं. उजवी बाजू मोजली, डावी मोजली. माझ्याकडे पाहून मान हलवली. खरंच एक कमी होता.

रहांगडाले भाऊंच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. पुढे येऊन त्यांनी हात जोडले. काकांना दिसत नव्हतं, तरी जोडले. "काका, मायाच हातानं गेला असंन..."

"तुया हातानं कायले?" काकांचं बोट त्या रिकाम्या जागेवरच फिरत होतं. "तो मीच तोडलो होतो. जोडताना सुरी घसरली. कोनाले सांगतलं नव्हतं, घरीबी नाही. वरून रंग मारून देल्लो." त्यांनी इंजिन छातीशी धरलं आणि सुनेला हाक मारली. "चाल वो, भारती. मले भेव होता, का खराब झालं तं हे लोक मले न सांगता दुसरं आनून देतीन. हे मायंच होय."