जामीनदाराचा दहावा

वडिलांचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि उरलेल्या कागदावर पत्रकं निघायची. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर. एका पत्रकात पिंडाला शिवणाऱ्या कावळ्याची टर उडवली होती. दुसऱ्यात लिहिलं होतं, ज्यानं खाल्लं त्यानंच भरावं. दोन्ही मला तोंडपाठ होती.

पुढं बारामतीत पशुखाद्याच्या दुकानात मी वसुलीच्या कामाला लागले. मालक खेड्यातल्या दुकानदारांना उधारीवर पोती द्यायचे, पण जामीनदाराची सही घेतल्याशिवाय नाही. कळसच्या एकानं गाडी भरभरून माल उचलला, विकला आणि एक दिवस दुकानाला कुलूप लावून फोन बंद केला. त्याला जामीन होते सांगवीचे त्याचे मामा. गाव त्यांना तात्या म्हणायचं. मूलबाळ नाही, घरात बायको, सगळ्यांच्या काकू, आणि गोठ्यात दोन म्हशी. मी नोटीस घेऊन गेले तेव्हा त्यांनी मला चहा पाजला. म्हणाले, "पोरी, सही माझीच हाय. पर आधी त्याला गाठ. मी कुठं पळतोय?"

उन्हाळा संपायच्या आत तात्या वारले.

मालक म्हणाले, "दहाव्याला जा. तोंड लपवणारी माणसं तिथं हमखास सापडतात. भाचा नाही आला तर काकूंच्या कानावर घाल, म्हशी आणाव्या लागतील."

"जामीनदार गेला ना आता?"

"माणूस गेला. सही नाही गेली."

"म्हशींचं दावं मी सोडणार नाही."

"मग भाच्याला आण."

नीरेच्या घाटावर पिंड ठेवले तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. समोरच्या बाभळीवर फांद्या काळ्या दिसाव्यात इतके कावळे होते. एकही ओरडत नव्हता. माणसं आपोआप हळू बोलायला लागली.

तात्यांच्या पुतण्यानं हात जोडले. "तात्या, काकूचं मी बघतो. शिवा आता."

पान हललं नाही.

"म्हशी दारातच राहतील."

तरी नाही. मग एक म्हातारा म्हणाला, "आरं, त्याचा जीव त्या सहीत अडकलाय." आणि सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. कागदांची पिशवी घेऊन मी बाजूला उभी होते, मी कोण हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

मला राग आला. एका पाखरानं माझ्याकडून काय वदवून घ्यावं? पण जे बोलायचं होतं ते मी कावळ्याशिवायही बोललेच असते. मी पुढं झाले. "तात्या, तुमच्या दारात वसुलीला मी पुन्हा येणार नाही. खाल्लं त्याच्याकडूनच घेईन."

बाभळीवर हालचाल झाली. कावळ्यांनी अंग फिरवलं, सगळ्यांनी, एकाच दिशेला. पिंडाकडं नाही आणि माझ्याकडंही नाही. पाखरं वाऱ्याकडं तोंड करून बसतात, हे मला माहीत आहे. त्या सकाळी वारा कुठून होता, ते मात्र कितीही आठवलं तरी आठवत नाही.

ते बघत होते तिकडं, गर्दीच्या मागं, एक माणूस डोक्यावरून टॉवेल ओढून उभा होता.

काकू उठल्या. सावकाश गेल्या आणि टॉवेल ओढून काढला. भाचाच होता.

"बोल," काकू म्हणाल्या. "मामा ऐकतोय."

"भरतो की, मामी. मामा, समदं भरतो. आईच्यान."

आणि कावळे उठले. एकदम, आवाज न करता, नदी ओलांडून पलीकडच्या उसावर गेले. पिंड तसेच राहिले.

"लबाड बोलला त्यो," मागून कुणी तरी म्हणालं. हसलं कुणीच नाही.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकला. त्या गडबडीत भाचा निसटला. मी रिकाम्या हातानं बारामतीला आले. मालक एवढंच म्हणाले, "उद्या म्हशींसाठी टेम्पो सांगतो."

"मग माणूसही दुसरा सांगा," मी म्हणाले.

सकाळी शटर उघडायला गेले तर पायरीवर भाचा बसलेला. डोळे सुजलेले, पायात चप्पल नाही. मला बघून उठला आणि गाडीची किल्ली पुढं केली.

"पिकअप घ्या, ताई. मालाच्या वर हाय तिची किंमत. कुठं सही करू सांगा. पर मामाचं नाव खोडा."

"काल का नाही दिली?"

"काल त्यो घराच्या पत्र्यावर न्हवता." त्यानं आवाज उतरवला. "एकच हाय. वरडत न्हाय. दगड मारला तरी उठत न्हाय. नुसता बघतोय."

मालक आले. कागद झाले. तात्यांच्या नावावर मी स्वतः रेघ मारली, काकूंच्या म्हशी सुटल्या. मला आनंद व्हायला हवा होता. पण जे माझ्या नोटिसांनी झालं नाही, वडिलांच्या पत्रकांनी झालं नाही, ते भीतीनं एका रात्रीत केलं. हक्काचं माप भीतीच्या हातून मिळावं, हे मला तेव्हा मान्य नव्हतं, आजही नाही.

दारात भाचा थबकला. "ताई, आता जाईल न्हवं त्यो?"

"कावळा आहे. जाईल उडून," मी म्हणाले.

तेवढ्यात आमच्या गोदामाच्या पत्र्यावर काही तरी उतरलं. नखांचा आवाज पत्र्यावरून सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडं गेला आणि बरोबर आमच्या डोक्यावर थांबला.

मालकांनी वर पाहिलं. मी पावती फाडत राहिले.