साळवेबाईंची गाभोळीची वही

साळवेबाईंना मी प्रथम पाहिलं ते कोल्हारच्या आठवडे बाजारात, मासळीच्या ओळीत. प्राणिशास्त्राची नवी अध्यापिका म्हणून मी नगरहून आले होते. विभागप्रमुख कुठे भेटतील असं विचारलं, तर शिपायानं बाजाराची वाट दाखवली. मासळी विकणाऱ्या पारूबाई मासे कापत होत्या आणि शेजारी गोणपाटावर, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या बाई सोनाराकडचा असतो तसा छोटा तराजू धरून बसल्या होत्या.

एक गिऱ्हाईक कावलं होतं. "अवो बाई, माझी गाभोळी द्या की आता! सोनं हाय का ते?"

"यंदा सोन्यासारखीच आहे," म्हणत बाईंनी आकडा लिहिला आणि अंड्यांची ती पिवळी लांबट पिशवी परत केली. मग माझ्या नाकावरच्या रुमालाकडे पाहून म्हणाल्या, "या, बसा. हात मोकळा लागेल."

प्रवरेतली मरळ आणि तिचं प्रजनन हा बाईंचा विषय. मासा अंड्यावर कितपत आला आहे, हे पोट उघडल्याशिवाय नीट कळत नाही. पण अभ्यासासाठी म्हणून एकही मासा मारायचा नाही, हा बाईंचा नेम होता. विकलेले मासे पारूबाई कापणारच होत्या. तेवढ्यात गाभोळी तोलायची आणि माशाच्या वजनाशेजारी लिहायची. दर बाजारी, बारा महिने. उरलेल्या वेळी बाई काठानं हिंडत. धरणातून सोडलेलं आवर्तनाचं पाणी येऊन ओसरलं, की गवतात मरळीनं साफ केलेली जागा कधी कधी कोरडी पडते आणि वर तरंगणारी अंडी चिखलात वाळतात, हे त्यांनीच मला दाखवलं.

मरळ पिल्लांची राखण करते. तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला, की खाली मोठा मासा असणारच. धरणाऱ्याला तो आयता सापडतो. बाईंनी पारूबाईंच्या यजमानांना विनवलं, "पिल्लांखालची तेवढी सोडा."

"म्या सोडंन, पर दुसरा धरंल की!"

"मग त्यालाही सांगा."

त्यांनी सांगितलं. पुष्कळ वर्षं तो शब्द पाळला गेला.

आता जे लिहायचं, ते बाईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात शोभेल की नाही, ठाऊक नाही. एका पावसाळ्यात बाई टायफॉइडनं आजारी पडल्या आणि त्यांनी वही माझ्याकडे दिली. त्याच आठवड्यात मला पाहायला मंडळी येणार होती. केसांना मासळीचा वास नको म्हणून मी बाजारात गेलेच नाही. मागच्या वर्षीचे आकडे थोडे इकडेतिकडे करून, कॉन्व्हेंटमध्ये घोटवून घेतलेल्या अक्षरात पान भरलं.

पारूबाईंचे सासरे वारले होते. त्या आठवड्यात त्यांनी मासळी मांडलीच नव्हती.

बाईंनी पानावर एकच आडवी रेघ मारली आणि "नोंद नाही" असं लिहिलं. म्हणाल्या, "तुमचं अक्षर फार सुंदर आहे. खोटं लिहितानाही बदलत नाही." एवढंच. कुणालाही सांगितलं नाही. माझ्या लग्नात अक्षता टाकायला आल्या, बाळंतपणात डिंकाचे लाडू पाठवले. वही मात्र पुन्हा माझ्या हाती दिली नाही. मीही मागू शकले नाही. पुढे पुण्याला गेले.

माझे यजमान गेल्यापासून मी एकटीच असते. या लेखासाठी यंदा कोल्हारला गेले. पंच्याहत्तरीतल्या बाईही एकट्याच. त्यांच्या घरात दोन खुर्च्या आहेत, एकीवर वह्यांचा गठ्ठा. मी तो उचलून खाली ठेवला, तेव्हा बसायला जागा झाली. अलीकडच्या पानांवर बाजारामागून बाजार तेच: "नदीची मरळ नाही." पारूबाईंची सून तळ्यातली मासळी टेम्पोनं आणते. बाईंना आता तराजूचा काटा दिसत नाही. शेवटच्या ओळी एकमेकींवर चढल्या आहेत.

"बंद करावी म्हणते," बाई म्हणाल्या.

"मी लिहू?" तीस वर्षं हेच विचारायचं राहिलं होतं.

त्यांनी चाचपत वहीचं कोरं पान उघडलं. मग म्हणाल्या, "बाजार उद्या आहे. रुमाल आणू नका."

गेलो. पारूबाईंच्या सुनेनं हसून गोणपाट झटकलं. "दोन दोन बाया आल्या, आन् मरळ एक न्हाई!" मी लिहिलं. बाई म्हणाल्या, "वाचा." मी वाचलं: "नदीची मरळ नाही." त्यांनी मान हलवली आणि स्वतःजवळ धरून ठेवलेलं पेनाचं टोपणही माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून दर बाजारी मी पुण्याहून येते. बाईंना उदंड आयुष्य आणि चालते पाय लाभोत. गाभोळीच्या रकान्यात पुन्हा एकदा खरा आकडा पडावा, मी तो मोठ्यानं वाचावा, आणि तो ऐकायला बाई शेजारी गोणपाटावर असाव्यात.