झग्याचं वजन

कपडेपट माळ्यावर होता आणि माळ्याला बावीस पायऱ्या होत्या. एवढी एक गोष्ट ज्याला नीट कळली त्याला मावशींची सगळी हकिकत कळली. पण कंपनीतल्या शहाण्यासुरत्या माणसांना ती नऊ वर्षांत कळली नाही, म्हणून सुरुवातीपासून सांगणं भाग आहे.

मावशी म्हणजे नाटक कंपनीच्या कपडेपटवाल्या. एकतीस वर्षं. तेवढ्या काळात तीन राजे बदलले, पाच राण्या बदलल्या, एक विदूषक तर रंगमंचावरून उतरला तो थेट विमा विकायला गेला. पण सगळ्यांच्या अंगावरचे कपडे मावशींच्या हातचे. राणीच्या ऐटीला टाळ्या पडायच्या. त्या ऐटीतले निम्मे टाके कुणाचे, ते फक्त विंगेला माहीत. नट दारातून आत आला की मावशी त्याला टेप न लावता सांगायच्या, "सुट्टीत बटाटे झालेत भरपूर. कंबरेला दोन बोटं सोडते. आणि हसू नकोस, बटण उडेल."

त्यांचं स्वतःचं माप मात्र कुणी घेतलं नाही. ते आपलं वाढत गेलं. साठीला दोन वर्षं उरली तेव्हा वजन चौऱ्याण्णव किलो, रक्तदाबाच्या दोन गोळ्या आणि गुडघे असे की जिना चढताना ते आधी बोलायचे आणि मग मावशी. प्रत्येक प्रयोगाला कपडे खाली आणायचे, प्रयोग संपला की वर न्यायचे, कारण खालचा रंगपट ओलसर आणि त्याला कुलूप नाही. एका खेपेत मावत नसे, तीन खेपा. जिन्याला कठडा एकाच बाजूला, तोही हलता, आणि दोन्ही हातांत मखमल असली की कठडा असून नसल्यासारखाच.

तळमजल्यावर रंगपटाला लागून एक खोली होती. कोरडी, खिडकीवाली, कुलपाची. मावशींनी ती नऊ वर्षांपूर्वी पहिल्यांदा मागितली.

"बघू," मॅनेजर म्हणाले.

बघता बघता त्या खोलीत जुन्या जाहिरातींचे गठ्ठे आले. मग मॅनेजरांची व्यायामाची सायकल आली. तिच्यावर व्यायाम करायचा तो त्यांचा टॉवेल. आणि शेवटी आला मॅनेजरांचा मेहुणा. हा गृहस्थ आधी पाण्याच्या टाक्या विकायचा. आता तो लोकांना उपाशी राहायला शिकवायचा. चरबी खा, पाव-भात-साखर सोडा आणि मग दिवसेंदिवस नुसतं पाणी प्या, असा त्याचा वर्ग. कंपनीने त्याचं नाव ठेवलं पाणीवाले सर. खोलीत त्याने चकचकीत वजनकाटा मांडला, भिंतीवर सडपातळ माणसांची चित्रं लावली. मावशींनी नऊ वर्षं मागितलेली खोली त्याला नऊ दिवसांत मिळाली.

त्याच महिन्यात मावशी जिन्याच्या मधोमध बसलेल्या मॅनेजरांना दिसल्या. मांडीवर राजाचा कोट, कपाळावर घाम.

"मावशी, असं कसं चालेल? नव्या हंगामात दौरे आहेत. ऐंशी किलोवर या. हंगाम सुरू व्हायच्या आत. नाहीतर कपडेपटाची किल्ली दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल. मला वाईट वाटेल, पण..."

"तुम्हाला वाईट वाटेल?" मावशी म्हणाल्या. "मग मी पाणी आणते हं तुमच्यासाठी. बसा."

पण किल्लीला त्यांनी हात लावून पाहिला. एकतीस वर्षं ती गळ्यातल्या दोऱ्याला होती. ती गेली तर मावशी म्हणजे दोन खोल्यांत धाकट्या बहिणीबरोबर राहणारी एक जाड बाई, एवढंच उरणार होतं. रागाने त्यांचे कान तापले, आणि त्याच रागात त्यांनी वर्गात नाव घातलं.

आता खरं ते सांगितलं पाहिजे. पहिले तीन महिने मावशींना गुण आला. अंडी, लोणी, चीज, मासळी, पालेभाजी. पहिल्या आठवड्यात डोकं असं दुखलं की त्यांनी बहिणीच्या शिट्टी मारणाऱ्या किटलीशी भांडण केलं. पिंढऱ्यांत गोळे यायचे. मग ते थांबलं. दुपारची पेंग गेली, बोटांची सूज उतरली, सुईत दोरा पहिल्या झटक्यात जाऊ लागला. लघवीत बुडवायची कागदी पट्टी जांभळी झाली, म्हणजे अंगातली चरबी जळायला लागली, की सर वर्गात टाळ्या वाजवायला लावायचे.

"ताई, अठ्ठावन्नाव्या वर्षी लघवीला टाळ्या!" बहीण म्हणायची. "आपल्या आईने पाहायला हवं होतं."

"तुला नाही कळायचं. आणि माझ्यासमोर पाव भाजू नकोस."

"मी काय न्हाणीघरात जाऊन भाजू?"

"गेलीस तर बरंच."

काटा शहाऐंशीवर आला आणि बसला. हंगामाला पंधरा दिवस राहिले. काटा हलेना. सर म्हणाले, "मावशी, आता शरीराला स्वतःचं घर आतून झाडू द्या. पाच दिवस. फक्त पाणी."

"आणि माझ्या गोळ्या?"

"गोळ्या चालू ठेवा. गोळ्यांत कुठे साखर असते?"

एवढीच चौकशी. ज्या माणसाने आयुष्यभर टाक्या विकल्या त्याने मावशींचा रक्तदाब एका वाक्यात निकालात काढला. आणि मावशींनी ऐकलं, कारण किल्ली गळ्यात होती.

पहिला दिवस सोपा गेला. दुसऱ्या दिवशी भूक लाटेसारखी यायची, दहा मिनिटं पोटात उभी राहायची आणि निघून जायची. रात्री त्यांना एक भाजलेला पाव स्वप्नात दिसला. तो त्यांच्याशी बोललासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी अंग इतकं हलकं झालं की वाटलं, आपण बावीस पायऱ्या नाचत चढू. तोंडाला मात्र कपड्यांवरचे डाग काढायच्या औषधासारखा वास. बहीण नाक धरून म्हणाली, "आतून कोणता डाग काढतायत ग तुझा?" चौथ्या दिवशी उठताना खोली एकदा फिरली आणि परत जागेवर आली. मावशींनी कुणाला सांगितलं नाही. वर्गात तसं सांगणाऱ्याला सर म्हणायचे, "हे मन बोलतंय, शरीर नाही."

पाचव्या दिवशी दुपारचा प्रयोग होता.

या नाटकात राणीचा एक वेशबदल चाळीस सेकंदांत करायचा. झगा मखमली, कडेला धातूची नक्षी. त्या दिवशी खांद्याचा हूक तुटला. अशा वेळी मावशी टाचणी लावत नसत. राणी पुढच्या प्रवेशात कोसळते, टाचणी तिला टोचेल. मावशी अंगावरच टाके घालायच्या. अंधारात, तीन टाके, दोरा दाताने तोडायचा, जा. त्यांचा एकच नियम: डावा हात कापडाच्या आत. सुई आधी आपल्या बोटाला भेटली पाहिजे, नटाच्या अंगाला नाही, दुसऱ्या कापडाला तर नाहीच नाही.

त्या दिवशी डावा हात आत नव्हता. विंग फिरायला लागली होती आणि डाव्या हाताने मावशींनी पडद्याचा दोर धरला होता. उजव्या हाताने एक, दोन, तीन. दोरा तुटला. "जा ग," त्या म्हणाल्या.

राणी गेली. तिच्या मागोमाग मावशीही गेल्या. झग्याबरोबर त्यांनी स्वतःच्या एप्रनचा पट्टाही शिवून टाकला होता.

एकतीस वर्षं विंगेत काढलेली बाई उजेडात आली. समोर सहाशे डोकी. गळ्यात टेप, मनगटावर टाचण्यांची गादी, पायांत कापडी चपला. राणीने एकदा मागे पाहिलं. पोरगी अस्सल नटी. डोळ्याची पापणी हलली नाही. सिंहासनावरच्या राजाला ती म्हणाली, "महाराज, उठा. माझी दाई आधी बसेल, मग आपण युद्धाचं बोलू."

राजा उठला. त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी खुर्ची सोडली असेल. मावशी सिंहासनावर बसल्या, आणि बसल्या जागी मान टाकली. टाळ्यांचा कडकडाट झाला. पडदा पडला तेव्हा कुठे लोकांना कळलं की दाई अभिनय करत नव्हती.

दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने मावशींच्या निम्मी होती, पण आवाज जुन्या खलनायकासारखा. तिने रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, आणि बहिणीलाच झापलं. "रक्तदाबाची गोळी, वर लघवी वाढवणारी गोळी, आणि पाच दिवस पोटात मिठाचा कण नाही? कुणी सांगितलं यांना?"

"एका टाकीवाल्याने," बहीण म्हणाली.

"डॉक्टरला कुणी विचारलं?"

मावशी डोळे मिटून पडल्या होत्या. सलाइनच्या थेंबाथेंबाने डोकं ताळ्यावर येत होतं, आणि डोक्याबरोबर रागही. गुडघ्यांचा राग नाही, भुकेचाही नाही. त्यांना आठवत होती ती खिडकीवाली खोली.

दोन दिवसांनी, डॉक्टरिणीच्या हुकमाप्रमाणे थोडं थोडं खाऊन, त्या सकाळी थिएटरवर आल्या. वर्ग भरला होता. मॅनेजर दारात उभे.

"मावशी! बरं वाटतंय ना? काय प्रकार केलात हो! प्रेक्षकांसमोर! नशीब, राणीने सांभाळून घेतलं."

"मावशींनी उपास नीट सोडला नसणार," पाणीवाले सर काट्याजवळून म्हणाले. "किंवा नीट धरलाच नसणार. चोरून काहीतरी खाल्लं की असं होतं."

मावशी सरांकडे वळल्या. वर्गातल्या बायकांनी खुर्च्या मागे सरकवल्या.

"चोरून? पाच दिवस मी माझ्या बहिणीच्या हातचा घास परत केला. मला गोळ्यांचं विचारावंसं वाटलं, मी विचारलं. तुम्ही काय म्हणालात ते या बायकांना सांगा. सांगा ना. की हेही मनच बोलतंय?"

सर भिंतीवरच्या सडपातळ माणसांकडे पाहू लागले.

"मावशी, आपण शांतपणे..." मॅनेजर पुढे आले. "आज किती आहे वजन? बघू तरी. शेवटी ठरलं होतं आपलं."

मावशी काट्यावर चढल्या. चौऱ्याऐंशी.

"चार किलो जास्त," मॅनेजर सुस्कारा टाकून म्हणाले आणि त्यांचा हात पुढे आला. किल्लीसाठी.

"थांबा. अजून वजन झालेलं नाही."

रंगपटात राणीचा झगा, तिचा घेरदार पोशाख, राजाचा कोट आणि मुकुटांची पेटी तशीच पडली होती. मावशी दवाखान्यात, मग वर नेणार कोण? राणी तिथेच चहा पीत बसली होती. तिने न सांगता सगळं उचलून मावशींच्या हातांवर रचलं. मावशी पुन्हा काट्यावर चढल्या. आकडा धावला आणि थांबला. एकशे एक.

"वाचा," मावशी म्हणाल्या. "मोठ्याने. घोषणा करता तशी."

"एकशे एक," मॅनेजर पुटपुटले.

"सतरा किलो. ही एक खेप. अशा तीन वर, तीन खाली, प्रत्येक प्रयोगाला, एकतीस वर्षं. मी साडेतीन महिने लोणी चाटून, पाच दिवस पाणी पिऊन अंगावरचे दहा किलो उतरवले. तुम्ही माझ्या हातातले सतरा एका दिवसात उतरवू शकत होतात. नऊ वर्षं! मला बारीक करणं सोपं वाटलं तुम्हाला, आणि ती सायकल हलवणं अवघड?"

"तसं नव्हे, मावशी..."

"किल्ली हवी ना? ही घ्या." त्यांनी गळ्यातून दोरा काढला, मॅनेजरांच्या गळ्यात घातला आणि सतरा किलो त्यांच्या हातांवर ठेवले. "चढा. कुलूप डावीकडे फिरतं."

सगळा वर्ग जिन्यापाशी जमला. मॅनेजर चढू लागले. अंगाने फाटके; सरांच्या चित्रांत शोभतील असे. पाचवी पायरी, नववी. झग्याची किनार पायात आली. हात कठड्याकडे जायचा आणि कपडे घसरले की परत यायचा. अकराव्या पायरीवर कठडा हलला, आणि ते मटकन बसले. जिथे मावशी बसायच्या त्याच पायरीवर.

"मन बोलतंय का शरीर?" खालून राणीने विचारलं.

मावशी हसल्या नाहीत. त्या वर गेल्या, एकेक पायरी, कठडा धरून; आज हात मोकळे होते. मॅनेजरांच्या गळ्यातून त्यांनी किल्ली काढून घेतली. "झगा सांभाळून आणा खाली," त्या म्हणाल्या. "मखमल आहे. त्या खोलीत ठेवा. सायकलवर नको, चुरगळेल."

दुपारपर्यंत काटा बाहेर पॅसेजमध्ये आला. सर चित्रं गुंडाळून घेऊन गेले. ते आता दुसरीकडे कुठेतरी लोकांना पाणी पाजत असतील, आणि तिथेही कुणी डॉक्टरला विचारत नसेल, या विचाराने मावशींचा अजून संताप होतो. पुढच्या सोमवारी वर्गातल्या चार बायकांना त्यांनी स्वतः डॉक्टरिणीकडे नेलं. चौघींपैकी दोघी मधुमेहाच्या गोळ्या घेत होत्या.

मावशी आजही पाव आणि साखर लांब ठेवतात, अंडी खातात, वेळेवर जेवतात. वजन डॉक्टरिणीच्या काट्यावर महिन्यातून एकदा. बाकी काटे त्या मानत नाहीत.

कपडेपट आता खाली आहे. खिडकीतून उजेड येतो, दोरा पहिल्या झटक्यात सुईत जातो. मॅनेजर येता-जाता डोकावतात. "छान झालं हो मावशी! मला आधीच वाटत होतं, ही खोली तुम्हालाच द्यावी."

मावशी मान वर करत नाहीत. डावा हात कापडाच्या आत, उजव्या हातात सुई. नऊ वर्षांबद्दल कुणीच काही बोललेलं नाही, हे त्या टाक्याटाक्याला लक्षात ठेवतात.

"दारात उभे राहू नका," त्या म्हणतात. "उजेड अडतो."