कण्हणारी दुसरी बाई

"सेनाइल डिमेन्शिया," पुण्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी मराठीत समजावलं, "म्हातारपणी मेंदू झिजतो. आठवण, ओळख, वेळेचं भान हळूहळू जातं. गेलेलं परत येत नाही."

वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण, भिंतीकडच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी शेजारच्या मोकळ्या जागेकडं मान वळवली आणि दटावलं, "गप बस गं. डॉक्टरीण बोलत्यात."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, "यांना झोप किती लागते?"

मला सांगता येईना. सात वर्षं आम्ही एका छपराखाली राहत होतो. वन्संना भाकरी किती लागते, चहात साखर किती लागते, सगळं मला ठाऊक होतं. झोपेचं मात्र ठाऊक नव्हतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तुमच्या घरात कुणा थोरल्या बाईची कंबर, गुडघे दुखत असतील आणि ती काही बोलत नसेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

वन्संचं सासर सुदुंबरं. तिथं सुगीत त्या भरल्या बैलगाडीवरून पडल्या. तेव्हापासून डाव्या कमरेतून घोट्यापर्यंत कळ जायची. ह्या दुखण्याला सायाटिका म्हणतात, कमरेतून पायात उतरणारी नस दाबली गेली की होणारी वेदना, हे मला फार उशिरा कळलं. पुढं त्यांचे यजमान वारले. मूलबाळ नव्हतं. म्हणून ह्यांनी त्यांना लोणावळ्याला आमच्याकडं आणलं.

हे रेल्वेत, घाटातल्या केबिनमध्ये सिग्नल द्यायचे. बहुतेक रात्रपाळी असायची, म्हणून दिवसा झोपायचे. घर दोन खोल्यांचं. सुरुवातीला वन्सं दुपारी आडव्या झाल्या की कण्हायच्या. एकदा मी त्यांना म्हणाले, "वन्सं, जरा हळू. ह्यांची झोप मोडते. पेंगत सिग्नल दिला तर गाडीचं काय होईल?"

"व्हय की. भाऊची झोप मोडाया नको," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून घर शांत झालं. मी समजले, दुखणं उतरलं.

सहाव्या वर्षी विसराळूपणा सुरू झाला. आमटीत दोनदा मीठ पडायचं. कधी चूल पेटवून त्या तिच्याकडं बघत बसायच्या, काय चढवायचं ते सुचायचं नाही. एकदा त्यांनी विचारलं, "मालक रानातनं आलं न्हाईत का?" त्यांच्या यजमानांना जाऊन सहा वर्षं झाली होती. वय झालं, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

श्रावणात लोणावळ्याचं धुकं दार उघडं असलं की सरळ घरात शिरतं. अशाच एका दुपारी वन्सं माझ्या कानाशी आल्या.

"वैनी, त्या बाईला सांग ना गप बसाया. भाऊ निजलाय."

"कुठली बाई?"

"ती काय परसात. कवापासनं कण्हतीया."

मी परसात जाऊन पाहिलं. केळीची पानं ठिबकत होती. कुणी नव्हतं.

मग ती रोजच येऊ लागली. वन्सं सांगायच्या, "तिचं लुगडं माज्यावानीच हाय. तोंड त्येवडं दिसत न्हाई." शेजारणी म्हणाल्या, लागिरं झालं. मी दाराला लिंबू बांधलं. ते बघून वन्संना भीती वाटली नाही, मलाच जास्त वाटू लागली. दिवसाढवळ्या परसात जाताना मी मोठ्यानं बोलत जायची.

एका सकाळी वन्सं घरात नव्हत्या. शोधत शोधत मी वळवणच्या रस्त्याला लागले. धुक्यात चार हातांपुढचं दिसत नव्हतं. आधी त्यांचा आवाज आला, मग त्या दिसल्या. लंगडत चालल्या होत्या. डावा हात बाजूला धरलेला, मूठ अर्धवट मिटलेली, जणू कुणाचं मनगट धरून नेत होत्या.

"वन्सं, कुठं निघालात?"

"हिला लांब सोडून येते. हितं भाऊला तरास व्हतो."

मी त्यांना परत आणलं. वाटेत मला मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

पेठेतल्या कंपाउंडरनं झोपेसाठी ब्रोमाइडचं मिक्स्चर दिलं. ब्रोमाइड म्हणजे गुंगी आणणारं औषध. वन्संचे डोळे जड झाले, जीभ अडखळू लागली, पण झोप आली नाही. आठवड्यानं त्या म्हणाल्या, "वैनी, आता त्या दोगी झाल्यात."

आणि मग ते कण्हणं मीही ऐकलं.

दुपार होती. हे आतल्या खोलीत झोपले होते. मी तांदूळ निवडत होते, वन्सं शेजारी लसूण सोलत होत्या. मागच्या दाराकडून बारीक, लांबलेलं कण्हणं आलं. माझे हात थांबले. उघड्या दारात नुसतं पांढरं धुकं होतं. परत तोच आवाज आला.

"ऐकलंस?" वन्सं मान तिरकी करून म्हणाल्या. "परत लागली बग."

मी घाबरून त्यांचा दंड घट्ट धरला, आणि तो आवाज माझ्या तळहाताला थरथरताना लागला. वन्संचे ओठ मिटलेले होते, नजर दाराकडं होती. कण्हणं त्यांच्या छातीतून येत होतं. ते आपलं आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

"तिला लय दुकतंय गं," त्या कळवळून म्हणाल्या.

त्यांच्या पदराचं टोक चघळून चिंध्या झालेलं होतं. त्यांच्या साऱ्या लुगड्यांचे पदर तसेच होते. इतकी वर्षं मी उंदरांना दोष देत होते. सात वर्षं ह्या बाईनं पदर दातांत धरला होता, मी सांगितलं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुण्याची गाडी धरली.

इस्पितळात पहिल्यांदा ब्रोमाइड बंद झालं. ते म्हाताऱ्या शरीरात साचतं आणि डोक्याचा गोंधळ वाढवतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग फळीचा पलंग आला. कमरेवरचा ताण हलका व्हावा म्हणून पायाला दोरीनं वजन टांगलं. जेवणानंतर ॲस्पिरीन आणि दिवसातून तीनदा गरम वाळूचा शेक.

तीन दिवस काही फरक पडला नाही. मी वॉर्डाच्या व्हरांड्यात बसून राहायची. आतून वन्सं त्या बाईला दटावत असायच्या.

चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर आवाज थांबला. आत गेले तर त्यांचं तोंड किंचित उघडं, हात सैल पडलेले. मी धावत जाऊन नाकाखाली बोट धरलं. श्वास चालू होता. त्या झोपल्या होत्या. सात वर्षांत त्यांचा झोपलेला चेहरा मी पाहिलाच नव्हता, म्हणून ओळखला नाही.

दिवेलागणीला त्या जाग्या झाल्या.

"वैनी, कुटं हाय मी?"

"पुण्याला. दवाखान्यात."

"मग भाऊला जेवाया कोण वाढतंय?"

मला रडू आवरेना. त्यानंतर ती बाई आली नाही.

निघताना डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "दुखण्यानं आणि जागरणानंच हे झालं का?"

"तसं मी छातीठोकपणे सांगणार नाही. वय असतं, घराण्यातही असतं. पण वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढलेल्या, धड न झोपलेल्या बायका माझ्याकडं अशा अवस्थेत फार येतात. ह्या दोन्हींचा मेंदूवर भार पडत असावा, असं मला वाटतं. भास गेले, कारण त्यांत थकवा होता, औषध होतं. विसर मात्र राहील आणि वाढेल. दुखणं आणि झोप तुमच्या हातात आहे, तेवढं सांभाळा."

घरी आल्यावर मी ह्यांना सगळं सांगितलं, मी वन्संना काय बोलले होते तेसुद्धा. हे उठून वन्संच्या पायाशी बसले.

"आक्का, दुखलं की वरडत जा. मी उठलो तर उठलो."

वन्सं आणखी चार वर्षं जगल्या. आधी त्या माझं नाव विसरल्या, मग ह्यांचं. शेवटी शेवटी घासही भरवावा लागे. पण झोप लागायची, आणि झोप झालेल्या दिवशी त्या माझ्याकडं बघून हसायच्या. मी कोण हे ठाऊक नसताना हसायच्या. त्या डॉक्टरीणबाईंचे उपकार मी विसरणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात सोमाटण्याला एका लग्नाला गेले होते. मांडवाच्या कडेला घोंगडीवर एक म्हातारी भिंतीला टेकून एकटी बसली होती. उठताना तिनं गुडघा दाबला आणि चटकन इकडंतिकडं पाहिलं. मी जवळ गेले.

"मावशी, झोप लागते का हो?"

"लागती की," ती हसून म्हणाली. "म्हाताऱ्या मानसाला किती लागायची?"

मी उभीच राहिले. पंगतीला बोलावणं आलं तरी हलले नाही. तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. हसू मावळलं. मग तिनं दुखरा पाय हातानं उचलून बाजूला घेतला आणि घोंगडीवर मला जागा करून दिली.