पाव्हण्याला दिलेली बरोबरी

शमशुद्दीनचाचांचा मला अजून राग येतो. माणूस भला आहे, पण भलेपणाला काही हद्द?

उचगावात राहायचं, कागल पंचतारांकित एमआयडीसीत लेथवर उभं राहायचं आणि रविवारी बुद्धिबळाची स्पर्धा असली की बायकोनं, चाँदबीनं, दिलेला डबा घेऊन हजर, अशी बावीस वर्षं गेली. एवढ्या वर्षांत चाचांनी एकाही मानांकित खेळाडूला हरवलेलं नाही. तेवढी एकच आस. वडिलांनी त्यांना देशी बुद्धिबळ शिकवलेलं, त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर सरकतं. चाचा आजही डाव तसाच उघडतात. लोक हसतात. हसू देत.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या स्पर्धेत समोर आला पुण्याचा उदयसिंह. मानांकन मोठं, तोरा त्याहून मोठा. चाचांनी राजापुढचं प्यादं एक घर सरकवलं, तर हा माझ्याकडे बघून हसला. मी शेजारच्या पटावर होतो, तळपायाची आग मस्तकात गेली. पण चाचांनी मुंगीच्या पावलांनी त्याची अशी कोंडी केली की चाळिसाव्या खेळीला त्याचा हत्ती फुकट गेला. घाम पुसत तो म्हणाला, "काका, बरोबरी करू या का? मला पुण्याची गाडी गाठायचीय."

आणि चाचांनी बरोबरीला हात पुढे केला!

"अवं, पावणं लांबनं आल्यालं," मला बाहेर येऊन सांगतात. "त्वांडावर न्हाय कसं म्हनायचं?"

पटासमोर बसलेला कधी पाहुणा असतो का? मी तोंड उघडणार, तोच दारात उभा राहून फोनवर बोलणारा उदयसिंह ऐकू आला, "ड्रॉ झाला रे. म्हातारा माणूस होता, सोडून दिलं."

चाचा लालबुंद झाले. तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले. "ओ पावणं, कुनी कुनाला सोडलं?"

त्यानं फोन बंद करून खिशात घातला. मग हळूच म्हणाला, "तुम्हीच जिंकत होतात, काका."

"मग लावा की परत फोन. त्येच सांगा."

त्यानं घड्याळ पाहिलं, बॅग उचलली आणि चालता झाला. लबाड कुठला!

चाचा माझ्याकडे वळले. "घरात चाँदबीला काय सांगू?"

"खरं ते सांगा," मी त्यांच्यावरच खेकसलो.

"बावीस वर्सं खरंच सांगतोय की, हरलो म्हनून. आज जिकत हुतो म्हनलं, तर तिला तरी पटंल व्हय?"