पाटकरी नानांची पहिली सही

पाटकरी नानांइतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. राहुरीकडच्या आमच्या चारीवर, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या पाटावर, पाणी वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. कालव्याचं आवर्तन सुटायच्या आठ दिवस आधीपासून त्यांना जेवण जात नसे. लोक हसायचे. नाना म्हणायचे, "हसा. मी भितो म्हनून तुमी धड घरी जाता."

त्या भीतीला कारण होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी पाण्याच्या पाळ्यांचा कागद आधी चारीच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या बागायतदाराला दाखवला आणि त्याची सही घेऊन मग शेपटाच्या, म्हणजे चारीच्या अगदी शेवटच्या, शेतकऱ्याकडे नेला. "ठरलंय ना समदं? मंग मला कशाला इचारता?" म्हणून तो उठला, तो थेट कोयता घेऊन बांधावर गेला. बागायतदाराची दोन बोटं तुटली. तेव्हापासून नाना कोरा कागद घेऊन आधी शेपटाला सायकल हाणत. तिथला चहा प्यायचा, गाऱ्हाणं ऐकायचं, ते लिहायचं, पहिली सही घ्यायची आणि मग वर यायचं. पुढे शेपटाचं रान आम्ही विकत घेतलं तेव्हा पहिल्या सहीचा मान आमच्या दादांना, माझ्या वडिलांना, मिळाला. एरवी कुणाला न जुमानणारे दादा त्या मानापायी आपल्या पाळीतलं दोन तास पाणी खुशाल सोडून देत.

मी शिकून दक्षिण ध्रुवाच्या सरकारी कामात गेले. नानांनी विचारलं, "तितं रान कुनाचं हाय?"

"कुणाचंच नाही. सगळे देश बसून ठरवतात."

त्यांचा चेहरा उतरला. "मालक न्हाई अन् वाटेकरी लई. पोरी, भ्यायचं सोडू नको."

ते गेल्या वर्षी वारले. आणि यंदा मी भ्यायचं विसरले.

दक्षिण ध्रुवाच्या बैठकीत आम्ही पाच शेजारी देश मिळून एक पत्र देणार होतो. वितळत्या बर्फावर लक्ष ठेवणारं केंद्र पाचांनी चालवायचं, माहिती पाचांना मिळायची. एक सही कमी पडली तर पत्र बाद. मसुदा मी लिहिला, मोठ्यांच्या सह्या आधी घेतल्या आणि शेवटी सर्वांत छोट्या, बेटांच्या देशाच्या प्रतिनिधी बाईंकडे गेले. त्यांनी कागद परत सरकवला. "सगळं ठरलंय ना? मग मला कशाला विचारता?"

मला बांधावरचा कोयता आठवला. संध्याकाळी मुदत संपत होती. आमच्या शेपटाला पाणी कधी वेळेवर पोचत नसे. बर्फ वितळून समुद्र चढला की या शेपटाला ते सगळ्यांच्या आधी पोचणार होतं. इतकी साधी गोष्ट मला, शेपटाच्या घरातल्या मुलीला, सुचली नव्हती. शरमेपेक्षा भीतीच जास्त वाटली.

मी चार सह्यांचा कागद फाडला आणि कोरा कागद घेऊन त्यांच्याकडे परत गेले. "चुकले मी," म्हटलं, "आणि मला फार भीती वाटतेय."

बाई शेजारची खुर्ची ओढून म्हणाल्या, "मला रोजच वाटते. बसा."

त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं : आमच्या विहिरी खाऱ्या झाल्या आहेत. माझ्या मसुद्यात विहिरीचा शब्दही नव्हता. चहा संपेपर्यंत कागद भरला आणि त्यांनी खाली सही केली.

मुदतीला दोन तास उरले होते. चार सह्या पुन्हा घ्यायच्या होत्या आणि भीती गेली नव्हती. त्या भीतीसकट मी कागद घेऊन शेपटाकडून वर निघाले.