शेपटीसकट

मी पाली मोजतो. बोटांखालच्या पट्ट्या, पाठीवरचे खवले, शेपटीची लांबी हे सगळं भिंगाखाली मोजून ती पाल कुठली हे ठरवायचं, हा माझा उद्योग. तासगावच्या माळावर मला एक बोटभर पाल मिळाली होती, ती पुस्तकातल्या कुठल्याच वर्णनात बसेना. पण पकडताना तिची शेपटी तुटली. शेपटीसकट दुसरी मिळेपर्यंत माझं वर्णन अर्धवटच. दोन वर्षं मी माळावरचे दगड उलथत होतो आणि घरी येऊन सगळ्यांवर चिडत होतो.

आईला पालीची भयंकर किळस. अंगावर पडली की नेसत्या साडीनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं, ही तिची रीत.

एका दुपारी आमच्या बेदाण्याच्या शेडमधून शेजारीण धावत आली. "आवं, चला लवकर. तुमच्या आई हलंनात."

पळत गेलो. आई बेदाणा निवडायला बसली होती तशीच, डोळे गच्च मिटून. खांद्यावर माझी पाल, शेपटीसकट.

"धर की रं," ती पुटपुटली. "झटकली तर शेपूट टाकंल, म्हणला हुतास न्हवं?"

पाल खिशातल्या डबीत घेऊन मी झाकण लावलं, तशी आई उठली आणि थेट हौदाकडे गेली.

पाल जमिनीपासून किती उंचीवर सापडली, तेही वर्णनात लिहावं लागतं. ओल्या आईला मी परत तिथंच बसवलं आणि खांद्यापर्यंत टेप लावला. दोन फूट. बाकीचं लिहायला त्या वर्णनात जागा नव्हती.